फळीवरचं गाव

आमच्या शारजातल्या रोल्लाच्या फ्लॅटमध्ये सोफा कधीच नव्हता. सोफ्याच्या जागी गाव होतं. आठ फूट बाय चार फूट प्लायवूडची अख्खी शीट, तिला खाली चार ठेंगणे पाय, आणि वर रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं आमचं गाव: मशीद, शाळा, दोन विहिरी, आंब्याची कलमं, भातखाचरं आणि एकशे बारा घरं. बावांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते सगळं स्वतःच्या हातांनी केलं होतं. खाचरांसाठी लाकडाच्या भुशाला हिरवा रंग दिला होता, खाडी निळ्या ऑइलपेंटची होती, घरं सागाच्या तुकड्यांची आणि त्यांची कौलं तांबडी. पाहुणे आले की गावाच्या कडेकडेने सतरंजीवर भिंतीला टेकून बसत. गावावर चहाचा कप ठेवायला सक्त मनाई होती. माझा धाकटा भाऊ नदीम एकदा खाडीत कोल्ड्रिंकचा ग्लास ठेवून उठला आणि वर "इट्स जस्ट वूड, बावा" म्हणाला. बावा त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

बावा गल्फला आले ते शटरिंगचे सुतार म्हणून. इमारतीच्या काँक्रीटला लाकडी साचे लावायचे आणि काँक्रीट धरलं की तेच साचे ठोकून काढायचे, अशी ती कामं. पुढे शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका वर्कशॉपमध्ये दारं-कपाटं करायला लागले आणि तिथे त्यांच्या हाताचं नाव झालं. डाव्या अंगठ्याचं टोक मशीनच्या करवतीने नेलं होतं. संध्याकाळी दार उघडलं की आधी त्यांचा वास आत यायचा, सागाच्या भुशाचा आणि गोंदाचा, आणि मग ते. अम्मा त्यांना बाथरूमच्या दारातच अडवून कपडे झाडायला लावायची. मग तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, गावाहून कुणाबरोबर तरी आलेली आमसुलं. बोंबलाच्या वासावरून वरच्या मजल्यावरची बाई रोज कुरकुरायची आणि अम्मा रोज तिला वाटीभर पाठवून तिचं तोंड बंद करायची. एसीची घरघर, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न, समोरच्या केरळी हॉटेलात आपटणारी भांडी. मी अजमानच्या या शांत फ्लॅटमध्ये बसून हे लिहिते आहे तरी तो गलबला कानात आहेच.

आमच्या गावातले निम्मे पुरुष आखातात होते. कोणी ड्रायव्हर, कोणी स्टोअरकीपर, कोणी अजमानला बोटीच्या यार्डात. त्यांची एक गल्फ कमिटी होती. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर बैठक, बैठकीत गावच्या भानगडी, आणि भानगडींत भांडणं. बावा मागे बसायचे. "इब्राहिम मिस्त्री" अशीच सगळे हाक मारत. एकदा कब्रस्तानाच्या भिंतीवरून दोन घराण्यांत जुंपली. तीन शुक्रवार झाले तरी कोणी ऐकेना. चौथ्या शुक्रवारी बावा एक फळी घेऊन गेले. तिच्यावर कब्रस्तान, वाट, दोन्ही बाजूंची कुंपणं, सगळं खिळे आणि सुतळी लावून दाखवलेलं. भिंत कुठे आली की कोणाचं काय जातं ते दिसत होतं. पाच मिनिटांत तंटा मिटला. म्हातारे सदर, म्हणजे कमिटीचे अध्यक्ष, म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही पुढे बसा." वर्षभरात बावाच सदर झाले.

मग त्यांनी अख्खं गाव करायला घेतलं. पाच-सहा महिने लागले. ते पुरं झालं तेव्हा कमिटीची माणसं आमच्या घरी आली आणि उभीच राहिली. दाऊदचाचा, कमिटीचे सेक्रेटरी, एका ऑफिसात क्लार्क होते, तोंडाने फटकळ माणूस. ते गुडघ्यावर बसले, एका छोट्या घराच्या कौलावर बोट ठेवलं आणि लहान मुलासारखे रडले. सगळे आपापलं घर शोधत होते, हात लावत होते. बावा कोपऱ्यात उभे राहून त्यांच्याकडे बघत होते. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला. आपल्या हातात काय आलंय हे त्यांना त्याच दुपारी कळलं असावं, असं आता वाटतं.

कारण त्यानंतर गाव रोल्लातून चालायला लागलं. गावाला सरपंच होता, जमातीचे वडीलधारे होते, पण विहिरीला पंप बसवायचा का, शाळेची खोली कुठल्या अंगाला काढायची, हे आमच्या सतरंजीवर ठरायचं. बावा अंगठ्याच्या त्या तुटक्या टोकाने फळीवर दाखवायचे, "इथं." दाऊदचाचा लिहून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी गावच्या दुकानात फोन जायचा. शाळेत मी तेव्हा इतिहासात वाचत होते की साहेब लोक लंडनच्या एका खोलीत बसून, कधी न पाहिलेल्या मुलखाच्या नकाशावर रेघा मारायचे. ती खोली माझ्या डोळ्यांपुढे फार चटकन यायची. फरक एवढाच की बावांनी मुलूख पाहिलेला होता. पण तो अकरा वर्षांपूर्वी. दर उन्हाळी सुट्टीत ते आम्हाला गावी पाठवायचे आणि स्वतः "नेक्स्ट इयर, इन्शाल्ला" म्हणून कामावर जायचे.

फळीवरची घरं चिकटवलेली नव्हती. प्रत्येक घराच्या बुडाला बारीक खिळा होता, तो भोकात बसायचा. रंग द्यायला बरं पडतं, असं बावा सांगायचे. एका शुक्रवारी हुसैनभाय नावाचे बोटीच्या यार्डातले गृहस्थ बोलले, "सदरसाहेब, डिसिजन आधी होतो आणि मीटिंग नंतर, हे कसं?" बावा हसले. वाकून दोन बोटांनी हुसैनभायचं घर उचललं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. "राहू दे माझ्याकडे. डोकं थंड झालं की घेऊन जा, हबीबी." सगळे हसले, हुसैनभायसुद्धा हसले. पण बैठक सुटल्यावर त्यांना अजमानपर्यंत गाडीतून सोडायला कोणी तयार होईना. पुढच्या आठवड्यात त्यांच्या बायकोचा गावाहून फोन आला की विहिरीवर तिच्याशी कोणी बोलत नाही. तीन शुक्रवारांनी ते मिठाईचा खोका घेऊन आले. बावांनी खिशातून घर काढलं, फुंकर मारून पुसलं आणि जागेवर बसवलं. "खलास," म्हणाले. "विषय संपला."

अम्मा स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "शमीम, हे चांगलं नाही. माणसाच्या घराशी खेळू नये." मी म्हटलं, "मग सांग ना त्यांना." "मी?" अम्मा म्हणाली आणि पुन्हा कांदा चिरायला लागली.

एकच घर बावांनी गोंदाने चिकटवायचं ठरवलं होतं, आमचं. खाडीच्या बाजूला, गावाच्या टोकाला. तिथे सुग्राफुफी राहायची, बावांची मोठी बहीण. त्यांची आई लवकर गेली तेव्हा हिनेच बावांना वाढवलं. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन परत आली ती त्या घरात कायमचीच. मूलबाळ नाही. बावांना दरडावू शकेल असं जगात एकच माणूस होतं आणि ते खाडीकाठी कोंबड्या पाळून राहत होतं. "हे घर कोणी उचलणार नाही," बावा म्हणाले आणि गोंदाची बाटली माझ्या हातात दिली. "तू लाव, शमीम." मी घर खाडीजवळ धरलं. गेल्याच सुट्टीत मी तिथे दोन महिने राहून आले होते. मागच्या दाराशी फुफीबरोबर भांडी घासायला बसायचे तेव्हा भरतीचं पाणी जवळ यायचं. एकदा आम्ही दोघींनी दारापासून पाण्यापर्यंत पावलं मोजली होती. सात. फुफी म्हणाली होती, "गेल्या साली वीस होती, बाय माझे. खाडी जमीन खातेय."

"बावा, पाणी इतकं लांब नाही आता," मी म्हटलं.

बावांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि घर वरच्या अंगाला सरकवलं, निळ्या रंगापासून चांगलं वीतभर. "मी त्या घरात जन्मलो. तू चार दिवस सुट्टीला जाऊन मला खाडी शिकवतेस?" रागाने बोलले नाहीत, हसतच बोलले. मी गोंद लावला आणि घर दाबून धरलं. त्यांनी घड्याळ लावून मला दहा मिनिटं तसंच बसवलं.

फुफीला लिहिता येत नव्हतं. ती कॅसेट पाठवायची. गावाहून कोणी परत येणार असलं की त्याच्या पिशवीत लोणच्याच्या बरणीबरोबर एक कॅसेट असायची. ए बाजू बावांसाठी, बी बाजू अम्मासाठी. आम्ही सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसून ऐकायचो. कोणाचं लग्न, कोणाच्या म्हशीला काय झालं, मध्येच "हाड्, हाड्" करून कोंबडी हाकलणं. त्या वर्षी मला तिच्या आवाजामागे आणखी एक आवाज ऐकू यायला लागला. लपक, लपक. थांबून थांबून, अगदी हळू. पुढच्या कॅसेटमध्ये तो जरा मोठा होता. मी बावांना म्हटलं, "ऐका, पाणी." बावांनी कान लावला. "टेप घासलीय," म्हणाले. "तिला नवी कॅसेट पाठवायला पाहिजे."

त्याच कॅसेटच्या बी बाजूला फुफीने अम्माला सांगितलं होतं, "पोरगी सोळाची झाली. दहावी झाली की इकडे पाठव. मी सांभाळते. शिवण शिकेल, घर शिकेल. मला पण आता सोबत पाहिजे." मला शारजातच कॉलेज करायचं होतं, मैत्रिणींबरोबर. फुफीचं घर, ती चूल, दिवे गेल्यावरचा तो मिट्ट काळोख, हे सगळं सुट्टीपुरतं मला आवडायचं. जन्मासाठी नको होतं. बावा म्हणाले, "बघू, विचार करतो." बावा विचार करतो म्हणाले म्हणजे अर्धा होकारच असायचा. त्या दिवसापासून मी फुफीवर रुसले. तिला त्याचा पत्ता नव्हता, पण मी रुसले होते, आणि ते इथे सांगणं भाग आहे.

आता बांधाचं. खाडीचं खारं पाणी खाचरांत घुसून भात जळायचं, त्यासाठी गावाला मोठा बांध घालायचा हे बावांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम. त्यांनी फळीवर पांढऱ्या सुतळीने बांधाची रेघ दाखवली. ती आमचं घर आणि खाडी यांच्या मधून, खाडीच्या कडेने जात होती. घर बांधाच्या आत, सुरक्षित. कमिटीने मान हलवली, कंत्राटदाराला मापं कळवली. त्या शुक्रवारी अम्माने बिर्याणी केली होती. सगळे जेवून हात धूत होते तेव्हा फोन वाजला. गावच्या दुकानातून कंत्राटदार बोलत होता. लाइन खराब होती, म्हणून बावा त्याचं प्रत्येक वाक्य मोठ्याने उच्चारत होते आणि खोलीतले बारा-तेरा जण ऐकत होते.

"काय? दिलेल्या रेघेवर चिखल आहे? पाया धरत नाही? बरं. मग? पंचवीस पावलं आत घ्यायचा? फक्त पंचवीस पावलं?" बावांनी फळीकडे पाहिलं. फळीवर सुतळी आणि आमचं घर यांच्यामध्ये भरपूर जागा होती. "नो प्रॉब्लेम. घ्या की." मग ते थांबले. फोनवर हात ठेवला. खोलीत नजर फिरवली आणि स्वयंपाकघराच्या दारात मी ताटं घेऊन उभी होते तिथे येऊन ती थांबली.

"शमीम, तू गेल्या सुट्टीत होतीस. फुफीच्या मागच्या दारापासून पाणी लांब आहे ना?"

सात पावलं. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. बांध पंचवीस पावलं आत आला म्हणजे तो घराच्या गावाकडच्या अंगाने जाणार आणि घर बांधाच्या बाहेर, खाडीच्या ताब्यात राहणार, हे गणित दुसरीतल्या पोराला आलं असतं. मी बावांकडे पाहिलं. त्यांनी उत्तर आधीच ठरवलेलं होतं, माझ्याकडून फक्त ते ऐकायचं होतं. बारा-तेरा पुरुष माझ्याकडे बघत होते. मला हुसैनभायचं घर आठवलं. आणि खरं सांगायचं तर मला हेही आठवलं की त्या घराचं काही झालं तर मला तिथे कोणी पाठवणार नाही. हा विचार डोळ्याचं पातं लवायच्या आत आला आणि गेला. पण आला होता.

"हो बावा," मी म्हटलं. "लांब आहे."

"ओके, यल्ला, सुरू करा," बावा फोनमध्ये म्हणाले.

किती वेळा ठरवलं की आज सांगायचं. वर्कशॉपमधून बावा आले, कपडे झाडले, जेवायला बसले, की मी पाण्याचा तांब्या घेऊन जवळ जायचे आणि तांब्या ठेवून परत यायचे. फुफीला एक पत्र लिहिलं. ती ते कोणाकडून तरी वाचून घेईल आणि गावभर होईल म्हणून फाडलं. एकदा अम्मा म्हणाली, "तुझ्या पोटात काहीतरी आहे. बोल." मी म्हटलं, "परीक्षा आहे." मला वाटायचं, गावातलं कोणीतरी बोलेलच. कंत्राटदार सांगेल, सरपंच सांगेल, डोळ्यांनी दिसतंय तर कोणीतरी फोन करेलच की. कोणीच केला नाही. सगळे धरून चालले होते की सदरसाहेबांना माहीत आहे, त्यांनी मुद्दामच तसं केलंय. ज्यांना शंका आली त्यांना आपलं घर फळीवर टिकवायचं होतं.

पाऊस लागायच्या आधी बांध पुरा झाला. फोटो आले. बांधावर नारळाची झावळी, पताका, संगमरवराच्या पाटीवर बावांचं नाव, खाली "सौजन्य: गल्फ कमिटी". एका फोटोत बांधावरून अख्खं गाव दिसत होतं, मशीद, शाळा, कलमं. बावांनी तो भिंग लावून पाहिला. "आपलं घर दिसत नाही," म्हणाले. दाऊदचाचा तेव्हा गावी रजेवर होते. दुसरा कोणी तरी म्हणाला, "फोटोवाल्याने कोपरा कापला असेल." बावांनी मान हलवली, पण फोटो खाली ठेवायला त्यांना वेळ लागला. मला दिसत होतं की फोटोवाला बांधावर उभा राहिलाय आणि आमचं घर त्याच्या पाठीमागे आहे.

पावसाळ्यातल्या अमावास्येच्या मोठ्या उधाणात घर गेलं. शेजाऱ्यांनी फुफीला दोनदा वर बोलावलं होतं. ती म्हणाली होती, कोंबड्या बांधून येते. भिंत पडली ती मागच्या बाजूची, भांडी घासायच्या दाराची. शुक्रवारीच फोन आला, बैठक भरलेली असताना. या वेळी बावांनी काहीच मोठ्याने उच्चारलं नाही. "इन्ना लिल्लाही," मयताच्या बातमीवर म्हणतात तेवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. लोक उठून त्यांना मिठी मारायला लागले. बावा सगळ्यांच्या खांद्यावरून फळीकडे बघत होते. घर तिथेच होतं, पाण्यापासून वीतभर दूर. बांधाने बाकी आपलं काम चोख केलं. खाचरांत खारं पाणी आलं नाही, त्या वर्षी भात उत्तम झालं आणि गावाने कमिटीला दुवा दिल्या.

दोन आठवड्यांनी दाऊदचाचा रजेवरून परतले आणि भर दुपारी, बैठकीचा दिवस नसताना, आमच्या दारात उभे राहिले. बसले नाहीत. खिशातून रुमालात बांधलेली कॅसेट काढली. "तिने पावसाच्या आधी दिली होती, सदरसाहेब. अर्जंट आहे, कोणाबरोबर तरी पुढे पाठव म्हणाली. मी नाही पाठवली. तुम्हाला राग येईल असं वाटलं. माफ करा." आणि चप्पल नीट न घालताच जिना उतरले.

बावांनी टेपरेकॉर्डर फळीच्या कडेला ठेवला. अम्मा दारात उभी, मी भिंतीशी. बटण दाबताच पहिल्यांदा पाणीच ऐकू आलं, आता लपक लपक नव्हे, सरळ खळखळ. मग फुफी. आवाज मोठा करून बोलत होती, पाण्याच्या वरून.

"इब्राहिम, तू मला बांधाच्या बाहेर ठेवलंस. लोक म्हणतात इब्राहिमने बहिणीचं पण घर उचललं. मी नाय बोलले तुझ्यावर. मी त्यांना म्हटलं, त्याला माहीत नसेल. मग वाटलं, माहीत नाय असं होईल कसं? शमीमने माझ्याबरोबर पावलं मोजलीत. ती पोर खोटं बोलणारी नाय, तिने तुला सांगितलंच असेल. तरी तू घातलास म्हणजे काहीतरी मोठा विचार केला असशील. मला तेवढं कळव. मी वर जायचं का इथंच राहायचं, तू सांग. तू सांगशील ते मी करीन. पोरीला विचार, ती सांगेल पाणी कुठवर..."

बावांनी बटण दाबलं. खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी डोळे मिटून घेतले आणि वाट बघत राहिले. त्यांनी विचारायला हवं होतं. ओरडायला हवं होतं, मारायला हवं होतं. मी सगळं सांगितलं असतं, रुसण्यासकट. मग कॅसेट बाहेर काढल्याचा खट्ट आवाज आला.

"टेप घासलीय," बावा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्यानंतर ते आणखी पंधरा वर्षं सदर होते. गावात दवाखाना झाला, शाळेला मजला चढला, मोठमोठे पुढारी इथे आले की त्यांना भेटायला बोलावणं यायचं. घरं उचलणं मात्र त्यांनी बंद केलं. पण एव्हाना त्याची गरजही उरली नव्हती. मला त्यांनी शारजातच कॉलेजात घातलं, मी न मागता. ॲडमिशनच्या फॉर्मवर ते सही करत होते आणि मी दुसरीकडे बघत होते. आम्ही दोघांनी त्या कॅसेटचं नाव पुन्हा काढलं नाही. अम्मा गेली ती ते पोटात घेऊनच गेली.

आता बावा माझ्याकडे असतात, अजमानला. माझा मुलगा दुबईच्या मरीनात राहतो, आठवड्याने येतो, आजोबांना "हाऊ आर यू, बावा?" विचारतो आणि फोनमध्ये डोकं घालतो. बावांना तो नेहमी ओळखू येतोच असं नाही. मला मात्र ओळखतात, बऱ्याचदा सोळा वर्षांची म्हणून. गेल्या महिन्यात फ्लॅटचं रंगकाम काढलं. रंगाऱ्यांनी कपाट ओढलं तेव्हा मागून ती फळी निघाली. पाय केव्हाच काढलेले, भुशाची खाचरं टकली पडलेली, बरीचशी घरं हरवलेली. मी ती भिंतीला टेकवून ठेवणार होते. बावा खुर्चीतून म्हणाले, "आडवी ठेव." मी दोन स्टुलांवर आडवी ठेवली. ते खुर्ची ओढून जवळ आले, तुटक्या अंगठ्याने खाडीच्या कडेकडेने गेले आणि आमच्या घरापाशी थांबले.

"शमीम, तू सुट्टीत होतीस ना? पाणी कुठवर येतं?"

रंगारी दुसऱ्या खोलीत रेडिओ लावून काम करत होते. माझ्या तोंडात जुनं उत्तर तयार होतं, इतकी वर्षं तिथेच होतं. मी त्यांच्या खुर्चीशी खाली बसले.

"सात पावलांवर, बावा. दारापासून सात पावलं. मी आणि फुफीने मोजली होती."

बावांनी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. कामात एखादी चूक वेळेवर सापडली की सुताराला बरं वाटतं, तसे ते जरा हुशारले.

"मग आधी सांगायचं नाही का? घर उचल आणि बांधाच्या आत घे. गोंद ओला आहे अजून."

मी दोन बोटांनी घर धरलं आणि ओढून पाहिलं. मग दोन्ही हातांनी धरलं. ते हललं नाही.